बोटाला न लागलेला दोरा

"महिन्यातून एकदा हात स्वच्छ धुवायचे आणि बोटानं दोरा चाचपायचा. लागला की काम झालं. ओढायचा मात्र नाही हं! तू पडलीस शिवणारी, दोरा दिसला की हात शिवशिवतील तुझे."

गर्भाशयात तांबी बसवली त्या दिवशीचं दवाखान्यातल्या सिस्टरचं हे बोलणं थोरलीच्या कानात घर करून होतं. पहिले तीन महिने तांबी जाग्यावर आहे की नाही ते सिस्टरनंच पाहिलं होतं. हा चौथा, आणि स्वतः बघायची थोरलीची ही पहिलीच खेप. न्हाणीघरात उकिडवं बसून तिनं तीनदा चाचपलं, पण तांबीचा दोरा काही लागेना.

"आता गं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली.

थोरली म्हणजे घरातल्या दोघी जावांमधली मोठी. नाटकगृहांचे मखमली पडदे शिवणाऱ्या कारखान्यात ती अकरा वर्षं हातशिलाई करत होती. कटिंगच्या टेबलावर बसायची तिची फार इच्छा. पण मास्तर म्हणायचे, "कात्री धरणारा माणूस महिन्यातून चार दिवस गायब असून कसं चालेल?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पाळी आली की थोरलीला रक्तस्राव इतका व्हायचा, की मखमलीच्या ढिगाजवळ जायचीही चोरी.

शेवटी ती दवाखान्यात गेली, सोबतीला धाकटी. डॉक्टरीणबाईंनी दोघींसमोर सगळं मांडून ठेवलं. रोजची गोळी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, दंडात कातडीखाली बसवायची काडी, साधी तांब्याची तांबी आणि हार्मोनची.

"तुझी पाळी मुळातच जड, तांब्याची बसवलीस तर आणखी वाढायची," त्या थोरलीला म्हणाल्या. "ही हार्मोनची बघ. दिवस राहण्याची भीती जवळजवळ नाही आणि पाळीही हलकी होते. पहिले काही महिने मात्र अधूनमधून डाग लागतील. धीर सोडायचा नाही."

धाकटीचा चेहरा एवढासा झाला होता. ती गोळ्या घ्यायची, पण सोमवारची गोळी तिला बुधवारी आठवायची, आणि मग महिनाभर घराचा जीव टांगणीला.

"ताई, दुखेल का हो?"

"आधी मी जाते," थोरली म्हणाली. "काय होईल ते तुला तिखटमीठ न लावता सांगीन. आणि तुझ्या वेळी तुझा हात धरायला मी असेन. शब्द माझा."

बसवताना दुखलंच. दोन मिनिटं तिला सगळे देव आठवले. मग तीन महिने रोज थोडे थोडे डाग. "हे म्हणजे नळ बदलला नि गळती तीच!" ती कुरकुरायची. पण चौथ्या महिन्यात पाळी आली ती पाहुण्यासारखी, दोन दिवस टेकून निघूनही गेली. थोरली एकही दिवस घरी बसली नाही, आणि मास्तर आपणहून म्हणाले, "एक तारखेपासून कात्री तुझ्याकडे."

आणि आता हा दोरा नाहीसा झाला! "तांबी पडली की काय?" ती पुटपुटली. तसं असेल तर तिसरं मूल पोटात आणि कात्री दुसरीच्या हातात.

ती बाहेर आली तर तिचं पुटपुटणं ऐकलेला नवरा बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरलेला.

"काय शोधताय?"

"तुझी तांबी."

"ती काय कानातलं आहे पलंगाखाली पडायला? उठा! आणि सिस्टर म्हणाली होती, दोरा लागला नाही तर तपासेपर्यंत जपून राहायचं."

नवऱ्यानं मुकाट्यानं आपली उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं तपासलं आणि हसून म्हणाली, "आहे की जाग्यावर! दोराही छान लागतोय."

"मग मला का लागत नाही?"

"कुठल्या बोटानं बघतेस?"

थोरलीनं उजव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. सिस्टरनं ते उलटसुलट करून पाहिलं. अकरा वर्षं त्याच बोटानं तिनं सुईचा माथा रेटला होता, तोही अंगुस्तानाची टोपी न घालता. अंगुस्तान घातलं की कापड कळत नाही, असं ती नव्या बायकांना ठसक्यात सांगायची.

"डोळे मीट," सिस्टर म्हणाली. "बोटावर काय ठेवलंय?"

"अजून काही ठेवलंच नाही की."

"कधीचा दोरा ठेवलाय! अगं, हे बोट आहे की टाच? आता डावं पुढं कर."

थोरलीनं डोळे न उघडताच सांगितलं, "दोरा. बारीक, साठ नंबरचा."

दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

घरी येऊन तिनं धाकटीला सगळं सांगितलं. दुखलेलं, डागांचं, न लागलेल्या दोऱ्याचं, काही गाळलं नाही. धाकटी विचार करून म्हणाली, "मला दंडातली काडी बरी. तिला दोराच नाही."

"पाळीचं वेळापत्रक तिनंही बिघडतं म्हणे. डॉक्टरीणबाईंना नीट विचार. मी काय, माझ्यापुरतं सांगणार."

धाकटीनं विचारून घेतलं, तरी काडीच ठरली. पण वेळ मिळाली ती नेमकी एक तारखेची.

"राहू द्या ताई, तुमचा पहिलाच दिवस," धाकटी म्हणाली खरी, पण तिचा आवाज खोल गेला होता. थोरलीनं दवाखान्याच्या चिठ्ठीवरची वेळ तेवढी बघून ठेवली.

एक तारखेला ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. अर्धवट कापलेलं कापड सोडून उठायचं नाही, हा टेबलाचा नियम. दहा वाजेपर्यंत तिनं गर्द लाल पडद्याचा अखंड पट्टा सरळ रेघेत कापून घडी घातली. मग कात्री मिटली.

"मास्तर, दोन तास जाऊन येते. संध्याकाळी थांबून भरून काढीन."

"पहिल्याच दिवशी?" मास्तरांनी घडीची कड बोटानं तपासली. कुठंच वाकडी नव्हती. "बरं. पण बाराला इथं पाहिजेस."

अंगावरची लाल लव झटकून ती जिना उतरली. पिशवी तिनं उजव्या हातात घेतली. डावा मोकळा ठेवला. धाकटीचा हात धरायचा, तर तो कळायला नको?

ती झपाझपा दवाखान्याच्या वाटेला लागली.