दशरथाचं गाऱ्हाणं

मिरा रोडच्या हाटकेश भागात लवूच्या घरी गणपती बसला की मिरा-भाईंदरभर पसरलेली भावकी आरतीला यायची. लाडू खायची, पाय पसरून बसायची. पण गाऱ्हाणं घालायची वेळ आली की लवूनं मागं सरकायचं. घर त्याचं, गणपती त्याचा, नारळसुद्धा त्यानंच आणलेला. देवापुढं उभं राहून सगळ्यांसाठी मागणं मागायचं ते मात्र भाईंदरच्या खारीगावातल्या नाथाकाकानं.

कारण विचाराल तर लवूच्या पणज्याचा थोरला भाऊ, दशरथ. तो म्हणे भर पेरणीत शेतात जोत टाकून पळाला, मुंबईत आगबोटीवर चढला आणि ऊस तोडायला मॉरिशसला गेला तो गेलाच. सव्वाशे वर्षं होत आली, पण कोकणातला माणूस असलं काय विसरतोय? "लवूला पुढं करू नका," नाथाकाका दरसाल म्हणायचा, "त्यांच्या घराचं तोंड देवाकडं न् पाय बोटीकडं." माणसं हसायची. लवूही हसायचा. कारखान्यात लेथ मशीनवर लोखंड कातणारा गडी, हाताला हे घट्टे, पण त्या रात्री जेवण जायचं नाय त्याला.

दोन हजार सहाच्या गणपतीत त्याची लेक निशिगंधा कामावरून आली ती पाहुणी घेऊन. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात होती ती मिरा रोडला. पाहुणी पन्नाशीची, अंगावर रेशमी साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. नाव आनंदी. राहणार मॉरिशस. कोंडआंबेऱ्याला जायला गाडी पाहिजे म्हणून ऑफिसात आली, न् गाव तर आपलंच निघालं. पणजोबांचं नाव विचारलं तर म्हणाली, दशरथ.

माणसं पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळायला लागली. लवूची बायको विमलाबाई तेवढी उठली आणि चहा टाकायला गेली.

नाथाकाकानं मांडी बदलली. गावाचं नाव काय कुणीपण पाठ करतं, म्हणाला. आणि असली दशरथाची, तर पळपुट्याचीच की.

आनंदीला मराठी येत होतं, पण जपून, एकेक शब्द हातात घेऊन बघितल्यासारखं. मध्येच हिंदी घालायची. तिनं सांगितलं, जोत टाकलं हे खरं. बैल मेले होते. दशरथ आणि धाकटा भाऊ, दोघं स्वतःच जोताला खांदा लावायचे. मग एकानं तरी जगावं म्हणून थोरला निघाला. बोटीवर माणसं ओकून ओकून अर्धी झाली होती. दशरथाकडं घरच्या देवाचा नारळ होता. भुकेली माणसं म्हणाली, फोड. त्यानं तो पोटाशी धरून ठेवला. बोट लागली, धक्क्याच्या पायऱ्या चढला आणि नव्या मुलखाच्या पहिल्या जमिनीवर नारळ फोडून त्यानं गाऱ्हाणं घातलं. तेच गाऱ्हाणं त्यांच्या घरात दर गणपतीला घालतात. बाप गेल्यापासून ती घालते.

"आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाय," नाथाकाका म्हणाला.

"आमच्यातही नव्हत्या घालत," आनंदी म्हणाली. "मला भाऊ नाही. मग काय, देवाला उपाशी ठेवू?"

आतनं विमलाबाई फिसकन हसली. लवू उठला, त्यानं पाहुणीच्या हातात नारळ दिला. खोटी निघाली असती तर त्याला जन्मभर तोंड वर काढता आलं नसतं. तरी दिला.

आनंदीनं बूट कधीच दाराशी काढले होते. पदर डोक्यावर घेतला आणि तिचा आवाजच बदलला. चाचपडणं गेलं. गावातल्या म्हाताऱ्याचा असतो तसा लांब, ओढलेला सूर लागला.

"बा देवा महाराजा, कोंडआंबेऱ्याच्या वाघजाई आई, पाण्यापल्याड आलेल्या लेकराचा नारळ गोड मानून घे."

"व्हय महाराजा," लवू एकटाच म्हणाला.

"मागं राहिलेल्या धाकट्याला राख. त्याच्या गोठ्यात बैल उभे कर."

"व्हय महाराजा." आता चारसहा गळे होते.

"माळावरच्या घराचं छप्पर सांभाळ. त्यांनी वाटेला नाचणीची भाकर बांधून दिली."

ह्यावर व्हय म्हणायचं सोडून सगळे नाथाकाकाकडं बघत होते. माळावरचं घर म्हणजे त्याचं. ते नाव गावात आता म्हातारे सोडले तर कुणाला ठाऊक नाय, आणि भाकरीचं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. ज्याला दरसाल पळपुटा म्हटलं, तो आणि त्याची पोरंबाळं तिकडं समुद्रापार नाथाच्या छपरासाठी देवाला विनवत होती.

"व्हय महाराजा," नाथाकाका म्हणाला. हात जोडून परत म्हणाला.

मग तो उठला. आनंदीच्या हातातला नारळ घेऊन त्यानं लवूच्या ओंजळीत ठेवला.

"घाल, लवू. येतं ना?"

येतं म्हणजे? लेथच्या खडखडाटात कोणाला ऐकू जात नाय म्हणून रोज म्हणायचा तो. आज पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाला. भावकीचं एकेक घर घेतलं, माळावरचं घेतलं, आणि शेवटी छाती फुगवून:

"पाण्यापल्याड आमचं जे थोरलं घर हाय, दशरथाचं, त्याला राख महाराजा."

असा काय व्हय महाराजा झाला की खालच्या मजल्यावरचा हितेशभाई धावत वर आला. क्या हुआ, क्या हुआ विचारायला लागला.

विमलाबाईनं त्याच्या हातावर लाडू ठेवला.

"कुछ नहीं, भाई. घर का आदमी आया है, बोट से. थोडा लेट हुआ."