परवानगीची ओळ

बहगत उस्तादांनी मला पहिलं अक्षर शिकवलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. अन्फूशीच्या बाजारात मी बोय आणि तारल्या अशी मासळी विकते. तोंडाची मी फाटकी, हे अख्खी अलेक्झांड्रिया सांगेल. पण त्या माणसासमोर मी मुकाट्यानं बसायचे.

एके काळी बंदराच्या रस्त्यावर त्यांच्या हातची पाटी नाही असं दुकान नव्हतं. होड्यांवरची नावंही तेच रंगवायचे. माझ्या नवऱ्याच्या होडीवर त्यांनीच ‘सबुरी’ लिहिलं होतं. मी ते जन्मभर पाहिलं, पण वाचता आलं नाही. मग छापील फलक आले, दिव्यांनी उजळणारे. उस्तादांच्या पाट्या भंगारात गेल्या आणि ते शाळेत संध्याकाळच्या प्रौढ वर्गावर शिकवू लागले. बाकीच्या बायका सहीपुरतं शिकल्या आणि घरी गेल्या. मी ‘सबुरी’ वाचलं, होडीला धरून ढसाढसा रडले, आणि तिथेच अडकले. मला त्यांच्यासारखं लिहायचं होतं.

पहिला अलिफ, म्हणजे अरबीतलं पहिलं अक्षर, नुसती सरळ उभी रेघ, त्यांनी माझं मनगट धरून काढून घेतला. अलिफची उंची बोरूच्या ठिपक्यांनी मोजायची असते.

“ठिपके मोज आधी. अक्षर म्हणजे मासळी नाही, अंदाजानं तोलायला.”

“उस्ताद, माझा तराजू कधी खोटा नसतो हं!”

“मग अलिफला दारू कोणी पाजली?”

अशी वर्षं गेली. या कामात रीत अशी, की शिष्याच्या अक्षराखाली गुरू स्वतःच्या हातानं परवानगीची ओळ लिहितो. ती मिळेपर्यंत कितीही सुंदर लिहा, खाली आपलं नाव घालायचं नाही. उस्तादांना ती त्यांच्या गुरूंनी दिली होती, गुरूंना त्यांच्या गुरूंनी. उस्तादांनी मात्र अजून कोणालाच दिली नव्हती. मला ती हवी होती. नवरा गेला होता, मुलगा रजब इटलीला गेला तो फिरकलाच नाही. माझं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

मी कागद न्यायचे. ते बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, “ठेवून जा.” पुढच्या खेपेला म्हणायचे, “परत लिहून आण.” आधीचा कागद कुठे गेला, विचारलं की फळ्याकडे वळायचे. एकदा माझा तोल सुटला.

“सरळ सांगा ना, मासेवालीला परवानगी द्यायची लाज वाटते म्हणून!”

“रजबची आई, तुझ्या अक्षरात खोट नाही.”

“मग घोडं कुठे पेंड खातंय?”

त्यांनी कपाटातून माझे सगळे कागद काढले. प्रत्येकावर माझ्या अक्षराखाली शाईचे डाग आणि एक मोडलेली, थरथरलेली रेघ होती. मग त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. टोपलीत नुकत्याच टाकलेल्या मासळीसारखा तो तडफडत होता. वर्गात ते हात खिशात घालून उभे राहायचे, ती मला ऐट वाटायची.

“तोंडी द्या,” मी म्हटलं.

“तोंडी बोली बाजारात चालते.”

“मग मी मनगट धरते. तुम्ही नव्हतं माझं धरलं?”

“ती ओळ तुझी होईल. स्वतःच स्वतःला परवानगी देणार का?”

“मग वेडीवाकडी लिहा! मला चालेल.”

“मला नाही चालणार. माझ्या गुरूंनी मला जी ओळ दिली, तिच्यानंतर ही घाण?”

मला राग आला. अजूनही येतो. त्यांची वाकडी ओळ मी डोक्यावर घेऊन नाचले असते. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यानंतरही मी कागद नेत राहिले आणि ते डाग पाडत राहिले.

हिवाळ्यात, दर्या खवळून होड्या काठाला बांधलेल्या असताना, ते गेले. त्यांची मुलगी इल्हाम म्हणाली, “मावशी, थडग्याचा दगड हल्ली यंत्रावर कोरून देतात. लगेच मिळतो.”

“तुझ्या बापाच्या उशाशी यंत्राचं अक्षर? जीभ हासडीन!”

दगडावर त्यांचं नाव मी लिहिलं, ठिपके मोजून. हात एकदाही हलला नाही, आणि त्याचंच मला रडू आलं. पाथरवट मितवल्ली छिन्नी घेऊन बसला आणि म्हणाला, “मावशी, हा खालचा डावा कोपरा मोकळा सोडलाय. लिहिणाऱ्याचं नाव सांग.”

“नाही घालायचं.”

“अगं, टाक लिहून! एवढं चांगलं अक्षर. आता कोण विचारायला येतंय?”

“जो विचारणार होता, त्याच्याच उशाशी हा दगड लागणार आहे. तू आपलं काम कर.”

तो कोपरा तसाच राहिला. शुक्रवारी जाऊन मी दगड धुते. हात त्या कोपऱ्यापाशी गेला की उस्तादांना पोटभर शिव्या घालते, आणि पुन्हा पाणी ओतते.