बावीस एमएलची थाप

पार्ल्याला राहत होतो तेव्हा बिस्किटांच्या कारखान्याचा वास गल्लीत शिरला की मी तो वास कोऱ्या चहात बुडवून प्यायचो. कपाच्या तळाशी चुरा राहायचा. ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय, अजून कोणी शंका घेतलेली नाही. मढला शूटिंगला आलेल्या हत्तीनं मला 'नाना' म्हणून हाक मारली होती, तेही लोक मुकाट्यानं ऐकून घेतात. तर थापा मारणं हा माझा जुना धंदा. फक्त एक थाप माझ्यावर उलटली, तिची ही हकीकत.

सून ऋता हिचं डोहाळजेवण आमच्या कांदिवलीच्या घरी चाललं होतं. पेढा आणि बर्फी झाकून ठेवलेल्या दोन वाट्या तिच्यापुढं होत्या. तिनं एकीवर हात ठेवला आणि तिथंच अंगावरून पाणी गेलं. त्या वाटीत काय होतं हे बघायला कोणी थांबलं नाही. एकोणतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. अकराशे ग्रॅम. माझा मुलगा निहार तेव्हा बोटीवर, कुठल्याशा समुद्रात. त्याचा फोन लागला तर तीन दिवसांनी लागायचा.

पाच आठवडे नात काचेच्या पेटीत होती. श्वास बरा झाला, वजन वाढलं, पण तिला दूध ओढता येईना. नाकातून नळी घातलेली, दर दोन तासांनी बावीस एमएल दूध नळीतून पोटात. सलग काही दिवस सगळं दूध तोंडानं घेतलं की नळी निघणार आणि मग घरी, असा डॉक्टरांचा हिशेब. नेमका तेव्हाच ऋताला फ्लू झाला. ताप, खोकला. खोकला जाईपर्यंत बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ती घरी दूध काढायची, तिची आई रत्नप्रभाबाई मुलुंडहून येऊन तिला अळिवाची खीर चारायच्या, आणि मी बर्फाच्या थर्मासात बाटल्या घालून हॉस्पिटलात न्यायचो.

तिथं श्वेता भेटली. फिजिओथेरपिस्ट. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे, अशी माझी समजूत. हिचं पेशंट माझ्या गुडघ्याएवढंही नव्हतं. श्वेता कोपरापर्यंत हात धुवायची, हातमोजा घालायची आणि करंगळीनं बाळाच्या कानापासून ओठांपर्यंत गाल हलकेच ओढत आणायची. मग ओठांभोवती, मग हिरड्यांवर. शेवटी करंगळीचं टोक तोंडात ठेवून वाट बघायची.

"बाळं हे पोटातच शिकतात, नाना. शेवटच्या महिन्यांत," ती म्हणाली. "हिची ती शाळाच बुडली."

"मी गोष्ट सांगू का तिला? हत्तीची आहे."

"अजिबात नाही. ओढायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, ही तीनच कामं तिला एकत्र जमत नाहीयेत. त्यात तुमचा हत्ती कुठं घुसवताय? बसा गप्प."

बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी गप्प बसवलं आणि मी बसलो. श्वेता करंगळीच्या कडेनं सिरिंजमधून थेंब सोडायची. बाळ एकदा ओढायचं, दोनदा ओढायचं, आणि श्वास घ्यायचं विसरायचं. ओठांची कड निळसर व्हायची, वरच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागायचा. श्वेता बोट काढून घ्यायची, बाळाला कुशीवर करायची, थांबायची. आकडा वर यायचा. माझ्या हातात रिकामा थर्मास. त्याचं झाकण मी इतक्या वेळा फिरवलं की आटे झिजले.

पहिल्या दिवशी एक एमएल तोंडातून गेलं. घरी आलो तर ऋता खोलीच्या दाराशी मास्क लावून उभी.

"किती प्यायली?"

"पाच," मी म्हणालो. चार एमएलनं कोणाचं काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी बारा सांगितले. तिसऱ्या दिवशी ती दाराला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. मी म्हणालो, "बावीस. पूर्ण. वर सिस्टरकडं बघून असा ढेकर दिला की शेजारचं बाळ दचकलं." ऋता हसली. खोकत खोकत हसली. पाच आठवड्यांत हसली नव्हती. पुढचे तीन दिवस मी बावीसच सांगत राहिलो. दुसरं काय सांगणार?

पण थर्मास जड होत चालला होता. दोनाच्या चार बाटल्या झाल्या, चाराच्या सहा. आणि एका सकाळी श्वेतानं बाटली उजेडात धरली. दुधाला गुलाबी झाक होती.

"नाना, हे रक्त आहे. तिला जखमा झाल्यात. एवढं कशाला काढतेय ती? आपल्याकडं फ्रीजमध्ये चार दिवसांचं दूध पडून आहे."

तोंडावर मास्क होता ते बरं.

घरी जाऊन थेट सांगितलं. "ऋता, ती बावीस पीत नाही. एक, दोन, फार तर अडीच. बाकीचं सगळं नळीतून जातं. मी थापा मारल्या."

रत्नप्रभाबाईंनी खीर ढवळता ढवळता मान हलवली. "झालं. आता उलट्या दिशेनं थापा सुरू केल्या."

ऋतानं माझ्याकडं मायेनं पाहिलं, तेच मला सोसवेना. "नाना, मी जास्त दूध काढू नये म्हणून म्हणताय ना? राहू दे. सगळं संपवते म्हणजे भुकेली आहे ती. दूध तिला पुरायला हवं." तिनं दार लोटलं. आतून पंपाची घरघर सुरू झाली. मी दाराबाहेर उभा राहून पुन्हा दोनदा खरं बोललो. उपयोग झाला नाही. खरं कसं सांगतात ते मला येत नसावं.

चार दिवसांनी तिला बाळाच्या खोलीत जायची परवानगी मिळाली. पिवळं झबलं, टोपडं आणि दुपटं पिशवीत घेऊन ती निघाली. "इतके दिवस पूर्ण पितेय म्हणजे आज-उद्या सोडतीलच," रिक्षात म्हणाली. मी सिग्नल बघत होतो.

पेटीपाशी गेल्यावर तिला आधी नळी दिसली. नाकाशी चिकटपट्टी, गालावरून गेलेली नळी. तिनं झबल्याची पिशवी खाली ठेवली. श्वेतानं तिला हात धुवायला लावले, बाळ छातीशी दिलं, गालावरून बोट कसं आणायचं ते दाखवलं. बाळानं एकदा ओढलं. पुन्हा ओढलं. मग आकडा घसरला आणि श्वेतानं त्याला दूर केलं. असं पाच-सहा वेळा झालं. मग बाळ झोपूनच गेलं.

"दमली. आजचं दीड एमएल धरू या," श्वेता म्हणाली. उरलेलं दूध तिनं नळीच्या तोंडाशी लावलेल्या सिरिंजमध्ये ओतून वर धरलं. दुधाची पातळी खाली जाताना ऋता बघत राहिली.

"आजवर सगळ्यांत जास्त किती?"

"अडीच. गेल्या आठवड्यात."

"कधी शिकेल?"

"उद्या शिकेल, नाहीतर तीन आठवडे लागतील. आपण फक्त रोज बोट ठेवायचं."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर ऋता म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी खरं बोलला होतात."

"हो."

"मग नीट सांगता नाही आलं?"

पिशवीतून झबल्याची बाही बाहेर आली होती, ती तिनं आत सारली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. निहार. मागं वाऱ्याचा आवाज, बोलणं तुटक.

"गेलीस का आत? किती प्यायली गं?"

ऋतानं समोरच्या भिंतीकडं पाहिलं.

"सहा," ती म्हणाली.

"अरे वा. झकास की."

"हो. चांगली पितेय."

फोन ठेवून ती माझ्याकडं बघायचं टाळत होती. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा. तिला सांगू शकलो असतो की सहावर थांबता येत नाही, उद्या त्याला दहा लागतात, परवा बावीस. घसा खाकरलाही. मग थर्मासाचं झाकण लावायला घेतलं, ते नुसतंच फिरत राहिलं. पुढच्या दुधाला अजून पावणेदोन तास होते.