मिल्क-बिल्क

आमच्या ह्यांचं इंग्रजी ऐकून नवखा माणूस आधी बावचळायचा, मग हसायचा आणि शेवटी स्वतःच तसं बोलायला लागायचा. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून हे ते शिकले. गिऱ्हाईक दहा ठिकाणचं, प्रत्येकाची बोली निराळी, मग ज्याला जेवढं येईल तेवढं इंग्रजी मध्ये टाकायचं आणि उरलेलं घरचं भरायचं. “टुमॉरो कमिंग हं, पक्का! यू डोन्ट टेक टेन्शन-बिन्शन,” असं हे म्हणाले की तावातावानं आलेला माणूस चहा पिऊन जायचा. दुकानात सगळेच तसं बोलत. पण त्यातही ह्यांचं ओळखू यायचं, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो ‘हं’.

मला ते इंग्रजी फार आवडायचं. चारचौघांत मी कपाळाला हात लावायची, ते सोडा.

लेक परदेशी गेली, तिथंच लग्न केलं. जावई वेगळ्या भाषेचे, माणूस सोन्यासारखा, पण आमची भाषा त्यांना ओ की ठो कळत नाही. त्यामुळे त्यांच्या घरात सगळा कारभार इंग्रजीत. नात झाली, तीही तेच बोलायला लागली. मी आपली फोनवर नुसती हसायची, हात हलवायची. हे मात्र तिचे एकदम जिवलग. रविवारी फोन लागला की पहिला प्रश्न ठरलेला, “पिटुकली, मिल्क-बिल्क ड्रिंक केलं का? नो क्राय-बिय ना?” आणि ती चार वर्षांची भवानी तिकडून ठसक्यात, “नो क्राय-बिय, आजोबा, हं!” लेक डोक्याला हात लावायची. म्हणायची, “बाबा, शाळेत हिचं कुणाला काही कळत नाही.” हे खूश व्हायचे. मला वाटायचं, खुशीच वाटतेय. पण ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग ह्यांना घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले डॉक्टर. मी तिथंच रडायला लागले. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मग मी गिऱ्हाइकाशी भांडू कसं?”

त्यावर डॉक्टरांनी एक तोड सांगितली. ऑपरेशनच्या आधी आवाज भरून ठेवायचा. समोर वाक्यं येतात, ती वाचायची. मग एक यंत्र त्या आवाजावरून शिकतं, आणि पुढे आपण त्याच्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर, टाइप केलं की ते आपल्याच आवाजात बोलतं. यंत्राला फक्त इंग्रजी येतं, आपल्या भाषेचं अजून निघालेलं नाही. हे म्हणाले, “चालेल की! पिटुकलीशी बोलायला तेच तर लागतं.”

रोज सकाळी आम्ही जायचो. काचेची खोली, आत हे, बाहेर बाकावर मी. काचेतून आवाज यायचा नाही, नुसते ओठ हललेले दिसायचे. आणि काय तो थाट! इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, केसाला तेल. मी म्हटलं, “अहो, आवाज भरायचाय, फोटो नाही काढायचा.” तर म्हणाले, “तुला काय कळतंय? जन्मभर पुरायचं आहे ते.” घरी आल्यावर संध्याकाळी टीव्हीवरच्या इंग्रजी बातम्या लावून बसायचे आणि पुटपुटत राहायचे. मला वाटलं, करमणूक चाललीय.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल. जखम भरली तशी पाटी हातात आली. पहिल्या रविवारी मी त्यांना खुर्चीत बसवलं, उशी दिली, फोन लावला. पिटुकली पडद्याला नाक लावून बसलेली. ह्यांनी एकेक अक्षर दाबलं आणि पाटी बोलली.

आवाज ह्यांचाच होता. अगदी हुबेहूब. पण बोलत होता कुणीतरी भलताच! स्वच्छ, सपाट, बातम्या देणारा. “गुड मॉर्निंग, माय डिअर. हॅव यू हॅड युअर मिल्क?”

पिटुकली मागे सरकली. आईच्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, “हू इज दॅट अंकल?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा उतरला होता. घाईघाईनं पुन्हा टाइप केलं, ‘मिल्क-बिल्क’. यंत्रानं तेही इतकं नीटनेटकं उच्चारलं, की ते एखाद्या औषधाचं नाव वाटलं. शेवटी ‘हं’ टाकून बघितला, तर पाटीनं तो वाचलाच नाही. पिटुकली रडायला लागली. लेकीनं कसंबसं हसून फोन ठेवला.

“अहो, काय केलंत तुम्ही त्या काचेच्या आत?” मी ओरडलेच. आजारी माणसावर ओरडू नये, कळतं मला. पण माझ्या घरात तो परका माणूस कुणी आणून बसवला?

ह्यांनी कागद ओढला. लिहिलं, “चांगलं बोललो. मुलीला माझी लाज वाटू नये. पिटुकलीला शाळेत त्रास नको.”

दुसऱ्या दिवशी मी त्या काचेच्या खोलीतल्या बाईंकडे गेले. म्हटलं, जरा घरच्यासारखं करून द्या हो. बाई बिचाऱ्या भल्या. म्हणाल्या, “आजी, त्यांनी जसं वाचलं तसंच ते शिकलंय. दुसरं काही भरलेलंच नाही आमच्याकडे.” लेकीला विचारलं, जुनं काही आहे का गं? तिच्याकडे फोटो ढीगभर, आवाज एकही नाही. ती फोनवर हमसाहमशी रडली. “आई, मी नुसती थट्टा करत होते गं.” तिला तरी काय बोलू? बाप रविवारी बोलणारच, असं धरूनच चाललो होतो आम्ही सगळे.

ह्यांनी पाटी कपाटात ठेवून दिली. रविवारी फोन आला की अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायचे. असे कितीतरी रविवार गेले. घर इतकं गप्प झालं की मीच मोठ्यानं भांडी आपटायला लागले.

एका रविवारी मात्र माझं डोकं फिरलं. अंगणातून त्यांना हाताला धरून आणलं आणि फोनसमोर बसवलं. म्हटलं, “तुम्ही नुसते ओठ हलवा. मी बोलते.” ते मान हलवत राहिले. इंग्रजी मला कुठलं येतंय! पण ह्यांचं इंग्रजी मला येत होतं. तेवढंच येत होतं.

ओठ हलले. मी कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि म्हटलं, “पिटुकली! मिल्क-बिल्क ड्रिंक केलं का? नो क्राय-बिय हं!”

पडद्यावर आधी ती माझ्याकडे बघते, ह्यांच्याकडे बघते. मग एकदम टाळ्या पिटत ओरडली, “आजोबा! आजोबा केम!”

हे हसले. खांदे गदागदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं, आवाज काही आला नाही.

मग कितीतरी वेळ आम्ही तिघं बोललो. त्यांच्या ओठांवरून मला अर्धं कळायचं, अर्धं मी मनचं घालायची. चुकलं की ते माझ्या हातावर चापट मारायचे. फोन ठेवल्यावर त्यांनी कागद घेतला. मग लिहिलं, “मी असा बोलायचो?”

“अगदी अस्साच,” मी म्हटलं.

त्यांनी खाली लिहिलं, “छान होतं की गं.”

मी तो कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि पोटभर रडले.