पाणथळीवरून

खुर्चीचं पुढचं चाक पाणथळीवरच्या लाकडी वाटेच्या दोन फळ्यांमध्ये अडकलं तसा आस्गर गुडघ्यांवर बसला आणि हातमोजे काढून चाक सोडवू लागला.

"तरी म्हणत होते, मला घरीच ठेव," विबेके म्हणाली.

"यायचा हट्ट कुणी धरला?"

"म्हटलं बघावं तरी, रोज सकाळी बायकोला टाकून हा जातो कुणाकडे."

एरवी तो हसला असता. चाक सुटलं. त्यानं पँटला हात पुसले आणि पुन्हा खुर्ची ढकलायला लागला.

पूर्वी आस्गर कॅमेरा घेऊन महिना महिना आइसलंडला, नॉर्वेच्या उत्तर टोकाला हिंडायचा. विबेकेची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली आणि तिची हाक पोचेल तेवढंच त्याचं जग उरलं. घरासमोरची ही पाणथळ. मग तो पाणथळीचेच फोटो काढू लागला. धुकं, बर्चची झाडं, गोठलेलं पाणी, पुन्हा तीच झाडं. गावातल्या प्रदर्शनात लोक म्हणाले, एकाच जागेवर किती हा जीव! तो नुसता मान हलवत राहिला. हल्ली विबेकेला कूस बदलून देताना त्याच्या हातांचा जोर पुरत नसे.

काल सिग्नेचा, लेकीचा, फोन आला होता. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती.

"बाबा, आईशी तू बोलतोस की मी बोलू?"

"मी बोलतो," तो म्हणाला होता. म्हणून तर आज त्यानं विबेकेचा हट्ट मोडला नव्हता.

फळ्यांची वाट संपली तिथे त्यानं खुर्चीचा ब्रेक लावला, तिच्या मांडीवर घोंगडी पसरली, धडधाकट हातात कॉफी दिली. सवयीनं कॅमेऱ्याची तिपाई उभी केली.

"विबेके, ऐक ना..."

"थांब जरा. माझी खुर्ची फिरव."

त्यानं फिरवली. लव्हाळ्याच्या गवतापलीकडे त्यांचं लाल विटांचं घर. स्वयंपाकघरातला दिवा तसाच जळत राहिलेला. दोरीवर त्याचे शर्ट आणि तिचे झोपायचे झगे.

"इथून घर दिसतं की," ती म्हणाली. "तुझ्या एकाही फोटोत नाही ते."

आस्गर तिपाईचा स्क्रू उगाच घट्ट करत राहिला. इतकी वर्षं तो घराकडे पाठ करूनच उभा राहत आला होता.

"रागावले नाही रे. मीही तेच केलं असतं." तिनं कॉफीचा घोट घेतला. "सिग्ने माझ्याशी आधीच बोललीय. मी हो म्हटलंय."

"माझ्याशी बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललास?"

वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकलं.

"तिथल्या खोलीत भिंती कोऱ्या असतील," ती म्हणाली. "मला एक फोटो दे. धुक्याचे पुरे झाले. हा काढ."

त्यानं तिपाई उचलून घराच्या दिशेनं वळवली, वाकून कॅमेऱ्याला डोळा लावला. मग लेन्स स्वच्छच होती तरी बाहीनं पुसली.

"घर फार लहान येतंय," तो म्हणाला. "थोडं जवळ जाऊन काढू?"

"असू दे," विबेके म्हणाली. "ओळखेन मी."