शंभरपैकी शंभर

बाबूरावांना फक्त एक दिवस मान वर करायची होती. होळकर दरबारात ते फरासखान्याचे, म्हणजे तंबू-बिछायतीचे, कारभारी होते, तेव्हा लोक त्यांना मुजरे करत. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला, फरासखाना गेला, मुजरे गेले, आणि मुलीचा बाप एवढीच पदवी उरली. शालिनीनं सव्विसाव्या वर्षी प्रथमच एका स्थळाला आपणहून हो म्हटलं होतं: पोलोग्राउंडच्या कारखान्यातला अच्युत. बाहेरख्यालीपणाचा रोग नाही ना म्हणून मुलाचं रक्त तपासून मागितलं तर निदान निकाल लागेपर्यंत वरपक्ष तराजूत बसेल आणि काटा आपल्या हातात राहील, असा बाबूरावांचा हिशोब.

अच्युतचे वडील श्रीपादराव हसले. म्हणाले, जरूर, पण दोन्ही घरांचं तपासू. बाबूरावांनी लगेच कबूल केलं. नोकरीत असताना त्यांचं रक्त अनेकदा तपासलं गेलं होतं, कागद नेहमी साफ.

डॉक्टर सबनिसांपुढे मात्र त्यांच्या तोंडून रोगाचं नाव निघेना. ‘‘नेहमीचीच तपासणी करा डॉक्टरसाहेब,’’ ते म्हणाले, ‘‘उसमें सब आ जाता है.’’

कागद आले. पांढऱ्या पेशींच्या जाती टक्क्यांत लिहिल्या होत्या. बाबूरावांनी अच्युतच्या आकड्यांची बेरीज केली: शंभर. थोडे हिरमुसले. शालिनीची केली, शंभर. श्रीपादरावांची शंभर, स्वतःचीही शंभर. मग मात्र ते खुलले. पत्रिकेत छत्तीसांत अठरा जमले तरी लोक खूश होतात, इथं दोन्ही घरं पैकीच्या पैकी गुणांनी पास. जुनी इंदूर मोहल्लाभर पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं, ‘‘चारित्र्य बघितलंय भिया, ऐरंगैरं स्थळ नाही.’’

शालिनी शाळेत गणित शिकवायची. शंभर टक्क्यांची बेरीज शंभरच होणार हे तिला दिसलं. ती तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि सरळ विचारलं, ‘‘यात गरमी कळते का?’’

डॉक्टरांनी चष्मा पुसला. ‘‘नाही. यात पंडुरोग कळेल, कुठं सूज-ताप असेल तर सुगावा लागेल. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी वेगळी, ती नाव घेऊन मागावी लागते. नवी लागण असेल तर काही आठवडे तीही गप्प बसते, कधी मलेरियानंसुद्धा खोटी ओरडते. आणि परमा, म्हणजे गनोरिया, असला तर रक्तातून कळतच नाही.’’

‘‘मग ती नाव घेऊन मागते.’’

बाबूरावांना पुन्हा हुरूप आला. पेढे वाटून झाले असले तरी वरपक्षाला दुसऱ्यांदा तराजूत बसवता येणार होतं. सगळ्यांनी पुन्हा दंड पुढे केले.

अच्युत साफ, श्रीपादराव साफ, शालिनी साफ. बाबूरावांच्या कागदावर मात्र रोग निघाला. त्यांनी मलेरियाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तेच. मग त्यांच्या बायकोचं, लीलाबाईंचं, रक्त मागवलं. विहीणबाईंना आणि त्यांना या परीक्षेत कुणी धरलंच नव्हतं. त्यांच्याही रक्तात तोच रोग.

त्या दिवशी बाबूराव घरी येऊन म्हणाले की स्थळ मोडायचं, बोभाटा नको. मुलाच्याच रक्तात काही निघालं असं लोकांना सांगू. शालिनी उंबऱ्यात उभी होती. तांदूळ निवडता निवडता लीलाबाईंनी विचारलं,

‘‘दरबाराबरोबर शिकारीच्या तळावर जायचात, तेव्हाचं का?’’

बाबूरावांनी टोपी काढून खुंटीला लावली.

‘‘शालिनीनंतर चार वेळा दिवस गेले. चारही पोटातच गेले. त्यानंच?’’

डॉक्टरांनी, असू शकेल, असं म्हटलं होतं. बाबूरावांनी तेवढंच सांगितलं.

लीलाबाईंनी सूप खाली ठेवलं. ‘‘अच्युतचा कागद आजच श्रीपादरावांकडे पोचवा, आणि मुहूर्त विचारून या. तुमचा कागद माझ्याकडे राहू द्या.’’

बाबूराव मान खाली घालून गेले.

लग्न झालं. वरपक्षाला भुर्दंड पडला तो फक्त दोनदा सुई टोचून घेण्याचा. बाबूरावांनी पेनिसिलीनचा पूर्ण कोर्स घेतला आणि लोकांना सांगितलं की कंबर धरलीय. लीलाबाईंनीही तेवढीच इंजेक्शनं घेतली. शिवाय चार गेलेल्या गर्भांचा दोष त्यांच्याच नावावर पडला होता, त्या प्रत्येकानंतर सासूनं धरायला लावलेले सोमवार होते, आणि पायगुणाबद्दलची बोलणी. सोमवार त्यांनी त्याच आठवड्यात सोडले. बाकीची वसुली कुणाकडून करायची, ते कुठल्याच तपासणीत निघत नाही.