खिशातलं नेट

माझी बायको मंगल गेली त्या संध्याकाळी मी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर बसून फोनवर कुस्ती बघत होतो. आमचं गाव उंब्रजपासून चार किलोमीटर आत आहे. पारावर आम्ही तीन-चार पेन्शनर रोज सहा ते आठ बसतो. शेजारच्या रंगुबाईचा फोन आला. कुस्ती निकाली निघायच्या बेतात होती, म्हणून मी तो कट केला. परत आला, परत कट केला. मग तिचा नवरा तात्याबा मोटारसायकलवरून आला.

"आवं मेजर, फोन का उचलंना तुमी? चला, वैनींना कसंतरी झालंय."

मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो, पण गावात सगळे मेजरच म्हणतात. मला वाटलं, आमच्या घरी न्यायला आलाय. त्याने गाडी त्याच्याच दारात थांबवली.

मंगल त्यांच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेली होती. डोकं एका बाजूला कललेलं. डॉक्टर समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. टीव्ही चालूच होता. कुणाला बंद करायचं सुचलं नव्हतं.

मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "ही तुमच्याकडं कशाला आली हुती?"

रंगुबाई रडत होती, ती थांबली. म्हणाली, "आवं भावजी, आक्का रोजच येत्यात की. सात वाजता. दोन वर्षं झाली."

मला ते माहीत नव्हतं. पण का येत होती, ते मला त्याच क्षणी कळलं.

आमच्या लग्नानंतर चार वर्षांनी मी कँटीनमधून काळा-पांढरा टीव्ही आणला होता. आळीत तो पहिलाच. रविवारी पिक्चर असला की घरात पाय ठेवायला जागा नसायची. चित्र हललं की मंगल माळवदावर चढून अँटेनाचा पाईप फिरवायची आणि मी खालून ओरडायचो, "आलं! गेलं! आगं, लय फिरवलास!" बायका हसायच्या. तिचा निम्मा पिक्चर माळवदावरच जायचा. खाली आली की विचारायची, "काय झालं मदी?" मी म्हणायचो, "आता गप बघ पुढचं."

मग रंगीत आला, केबल आली, नंतर पत्र्यावर डिशची छत्री आली. छत्रीच्या रिमोटची दोन बटणं तिला पाठ होती. एक चालू करायचं, एक तिच्या मालिकेच्या चॅनेलचं. तेवढ्यावर तिचं भागत होतं. संध्याकाळी सात ते साडेसात तिची मालिका. त्या अर्ध्या तासात मी बातम्या लाव म्हणालो, तर ती हात जोडून म्हणायची, "आवं, एवढं झालं की तुमचंच राज्य हाय."

ती जायच्या दोन वर्षं आधी जयराज पुण्याहून मोठा टीव्ही घेऊन आला. जयराज आमचा एकुलता एक मुलगा. म्हणाला, "आबा, आता छत्री काढून टाका. हा नेटवर चालतो. आईला हवी तेव्हा मालिका बघता येईल, चुकली तरी परत लागते." टीव्हीत त्याने आईच्या नावाची वेगळी चौकट करून दिली. त्यात तिचा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या शेतातला फोटो लावला. मंगल दिवसभर आल्यागेल्याला ती चौकट दाखवत होती. वायफाय बसेपर्यंत माझ्या फोनमधलं नेट टीव्हीला कसं द्यायचं, ते त्याने मला शिकवलं.

पुढच्या आठवड्यात कराडहून वायफाय बसवायला माणूस आला. वायर आत घ्यायला भिंतीला भोक पाडावं लागेल म्हणाला. भिंतीला नुकताच रंग दिलेला. मी म्हणालो, "राहू दे, दिवाळीनंतर ये." जयराजने रात्री फोन करून विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडून लांबलचक ऐकून घ्यायचं नको म्हणून मी सांगितलं, "झालं, बसलं वायफाय." छत्री आधीच काढली होती. मंगलने ती कोंबड्यांच्या डालग्यावर झाकण म्हणून ठेवली होती.

म्हणजे टीव्ही माझ्या फोनवर चालायचा. आणि फोन माझ्या खिशात असायचा. सहा वाजता मी पारावर निघालो की टीव्हीचं नेट माझ्याबरोबर निघायचं.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिने एकदा सांगितलं होतं. मी चप्पल घालत होतो.

"आवं, तुमी गेलासा की टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरतंय."

"मग काय फोन घरात ठिवून जाऊ व्हय? पारावर बसून तोंड बघू लोकांची?"

ती हसली. "जावा जावा. पैलवान वाट बघत असतील."

परत तिने तो विषय काढला नाही. मी आठ वाजता घरी यायचो, तेव्हा ती भाकरी करत असायची. मला वाटलं, तिची सवय मोडली. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. मी जेवायला बसायचो आणि त्याच टीव्हीवर बातम्या लावायचो.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर जयराज टीव्हीसमोर बसला. म्हणाला, "आई कुठपर्यंत आली होती मालिकेत, बघतो." त्याने वायफायचा डबा कुठं आहे विचारलं. मी म्हणालो, बिघडला म्हणून काढून नेलाय. त्याने स्वतःच्या फोनचं नेट जोडलं. मंगलचा फोटो आला. त्याने चौकट उघडली. बघितलेल्या भागांच्या यादीत सुरुवातीला त्याने स्वतः लावून दाखवलेला एक भाग होता. त्यानंतर काही नव्हतं.

"आबा, आईनं एकदा पण बघितला नाही?"

"तिला आवड न्हवती रं. डोळं दुखत्यात म्हणायची."

त्याने टीव्ही बंद केला. मग सुनेला, रेश्माला, म्हणाला, "माझंच चुकलं. तिला न विचारता आणला. तिचा जुनाच बरा होता, तो पण मी काढायला लावला."

रंगुबाई जेवण घेऊन आली होती. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. डबा ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी जयराजची गाडी निघाल्यावर कुंपणापाशी येऊन म्हणाली, "भावजी, पोरगं सोताला बोल लावून घेतंय. त्येला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"आक्का मला म्हणायच्या, ह्यांस्नी बोलू नगंस, पारावर जायचं बंद करतील. म्हणून मी गप बसले. आता न्हाई बसवत."

महिन्याभराने मी कराडच्या त्या माणसाला बोलावलं. भोक पाडून वायर आत घ्यायला त्याला वीस मिनिटं लागली. रंगाचा एक टवका गेला, बाकी काही झालं नाही. आता घरात दिवसभर नेट असतं.

जयराज दर रविवारी फोन करतो. मागच्या महिन्यात रेश्माने बाजूला जाऊन मला फोनवर सांगितलं, "आबा, हे घरात टीव्ही लावत नाहीत. आईंची आठवण आली की म्हणतात, मी तिचा तेवढा विरंगुळा पण काढून घेतला." मी तिला म्हणालो, हळूहळू विसरेल. त्याच दिवशी जयराजशीही बोललो. ऊस कधी जाणार, पाणी कसं आहे, गुडघा कसा आहे, सगळं बोललो. तो फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "आबा, अजून काही?" मी म्हणालो, "न्हाई."

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा तो येईल. समोरासमोर सांगू, असं मी रंगुबाईला म्हणालोय. दिवाळीलाही असंच म्हणालो होतो. तो चार दिवस राहून गेला.

जयराजला मी अजून खरं सांगितलेलं नाही.